दुकानाचं हप्त्याचं कार्ड: घरून अर्ज की काउंटरवर? माझा अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेत फ्रिज, टीव्ही किंवा मोबाइल घ्यायला गेलं की भाव ठरता ठरता विचारणा होते, "कार्ड आहे का? नसेल तर आत्ता काढून देतो." तेच कार्ड घरी बसूनही निघतं. मी दोन्ही वाटांनी अर्ज केले आहेत आणि ओळखीच्यांचे भरूनही दिले आहेत. पॅन, आधार, सिबिल (म्हणजे आधीच्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल), उत्पन्न, पिनकोड ही तपासणी दोन्हीकडे तीच असते. फरक पडतो तो माहिती कोण टाइप करतं आणि होकार देण्याआधी तुम्हाला किती वाचायला मिळतं, यात.

आधी कोणतं कार्ड ते विचारून घ्यावं. एक असतं दुकानाचं किंवा वेबसाइटचं नाव छापलेलं क्रेडिट कार्ड. ते बँकेचंच असतं आणि कुठेही चालतं. दुसरं फायनान्स कंपनीचं हप्त्याचं कार्ड. ते फक्त त्या कंपनीशी जोडलेल्या दुकानांत आणि हप्त्यांच्या खरेदीलाच चालतं. प्रत्येक खरेदी म्हणजे एक नवं छोटं कर्ज. पहिल्या प्रकारात दुकानदाराच्या हातात मंजुरी नसते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे दुकानाचं काम कार्ड विकणं आणि सवलत देणं एवढंच. तुमचे व्यवहार पाहायचीही त्याला परवानगी नाही. त्यामुळे "आमच्या ओळखीने करून देतो" या बोलण्यावर विसंबू नये.

कागदांची तयारी मात्र अर्जाआधीच करायची, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकलेले मी पाहतो. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत आधारवर आडनाव आधी, तर पॅनवर नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव, असं सर्रास असतं. कुठे नुसती इंग्रजी आद्याक्षरं असतात. माणसाने वाचलं तर त्याला कळतं की व्यक्ती एकच आहे; यंत्राने जुळवलं की गुण कमी पडतात आणि अर्ज "तपासणीत" जाऊन पडतो. दोन्हीकडची अक्षरं एक करून घ्या, जन्मतारीखही पाहा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा आणि पॅन आधारला जोडलेलं हवं. निष्क्रिय पॅनवर अर्ज पुढे सरकत नाही. आधारवर मोहोळ-अक्कलकोटकडच्या गावाचा पत्ता आणि राहायला सोलापुरात, असं असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. कार्ड कुरिअरने येतं आणि बरेचदा ओळखपत्र पाहूनच हातात देतात.

ऑनलाइन अर्जात पहिल्या पानावर मोबाइल, पॅन आणि पिनकोड मागतात. त्यानंतरच्या खुणेच्या चौकटीत तुमचा सिबिल अहवाल पाहायची संमती असते. तिथे खूण केली की अहवालात चौकशीची नोंद होऊ शकते, म्हणून "नुसतं बघू मिळतं का" म्हणून चार ठिकाणी भरत बसू नये. पुढे नोकरी की व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आईचं नाव, कामाचा पत्ता. उत्पन्नाच्या रकान्यात अनेक जण महिन्याचा आकडा टाकतात आणि तिथेच अर्ज संपतो. पुराव्याला पगारदारांकडून पगारपत्रक आणि बँकेचा उतारा, व्यावसायिकांकडून आयकर विवरणपत्र मागतात.

मग येतो व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळखीची पडताळणी. बँकेचा अधिकारी समोर असतो, फोनचं लोकेशन सुरू लागतं आणि कॉल भारतातूनच करावा लागतो. मूळ पॅनकार्ड हातात हवं, झेरॉक्स चालत नाही. ते ट्यूबलाइटखाली सरळ धरलं की प्लास्टिकवर पांढरा झोत पडून नंबर दिसत नाही. किंचित खाली झुकवून खिडकीच्या उजेडात धरा. कोरा पांढरा कागद आणि काळं पेन जवळ ठेवा, बहुतेक ठिकाणी समोर सही करायला सांगतात. शेजारी बसून कोणी उत्तरं सुचवली तर कॉल बाद होतो. आणि घराला लागून कारखाना असेल तर यंत्रमाग बंद असताना कॉल घ्या. खडखडाटात अधिकाऱ्याला आवाज कळत नाही आणि तो "पुन्हा प्रयत्न करा" अशी नोंद करून कॉल तोडतो. आधारवरचा फोटो फार जुना असेल तरी चेहरा जुळत नाही. तो आधी बदलून घेतलेला बरा.

दुकानात हेच सगळं फायनान्सच्या टेबलावरचा मुलगा त्याच्या टॅबवर भरतो. त्याचा खरा फायदा आहे. कोणत्या भागातला पिनकोड कोणत्या कंपनीत चालतो, कोणाला कोणता कागद पुरतो हे त्याला पाठ असतं. मोबाइलवर फॉर्म भरायची सवय नसलेल्या माणसाला तिथे कागद दाखवून काम होतं. अंगठ्याच्या यंत्राची सोय असली तरी विडी वळणाऱ्या बायकांचे आणि मागावरच्या कामगारांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. अशा वेळी आधार ओटीपीचाच आधार उरतो. म्हणून नंबर जोडलेला असणं दुकानातही तितकंच गरजेचं. मंजुरी आली की दुकानदाराला डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर मिळते आणि माल सुटतो.

अडचण आहे ती ओटीपीची. दिवाळीच्या गर्दीत तो मुलगा पाठोपाठ म्हणतो, "काका, ओटीपी सांगा," आणि आपण आकडे सांगत जातो. पण प्रत्येक ओटीपीचं काम वेगळं असतं. पहिला मोबाइल नंबर खरा आहे का ते पाहायला. दुसरा सिबिल उघडायला. तिसरा आधारवरून तुमचा पत्ता-फोटो घ्यायला. चौथा कर्जाच्या कराराला. ही तुमची सही. पाचवा खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या आदेशाला. क्रम मागेपुढे होतो, पण मेसेजमध्ये कशासाठी ते लिहिलेलं असतं. मी आकडे सांगण्याआधी मेसेज मोठ्याने वाचतो आणि कराराच्या ओटीपीला थांबून 'की फॅक्ट स्टेटमेंट' दाखवायला सांगतो. त्यात कर्जाची रक्कम, वार्षिक दर, सगळे आकार आणि हप्त्यांचा तक्ता असतो. मागणं तुमचा हक्क आहे, मागे रांग असली तरी.

त्या कागदावर एकच वजाबाकी करा: बिलाची रक्कम वजा डाऊन पेमेंट. कर्जाचा आकडा याहून मोठा दिसला तर वाढीव वॉरंटी, स्क्रीनचा विमा किंवा कार्डाची फी त्यात घातली गेली आहे. नको असेल तर तिथेच काढायला लावा. डीओ निघाल्यावर ते काढणं फार कटकटीचं होतं. आपोआप कापण्याच्या आदेशातली कमाल रक्कम हप्त्यापेक्षा मोठी असते, ती पद्धत आहे. तारीख मात्र नीट पाहा. हप्ता ५ तारखेला आणि पगार १० ला असेल तर हप्ता परत जातो, आणि दंड दोन्हीकडून बसतो: फायनान्स कंपनीचाही आणि तुमच्या बँकेचाही.

"बिनव्याजी" हप्त्याचा हिशेबही करून ठेवा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेप घेतला आहे. व्याज असतंच, ते सवलत म्हणून आधी वजा होतं. समजा ३०,००० चा फ्रिज, ६ हप्ते, क्रेडिट कार्डावर १५ टक्के दर. बँक कर्ज मांडते २८,७३० चं, व्याज १,२७० आणि हप्ता ५,०००. पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो २२९. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसह २३५. म्हणजे ४६४ रुपये जास्त. फायनान्स कंपनीच्या कर्जात व्याजावर जीएसटी नसतो, फक्त फीवर असतो. आणि रोख भाव किती, हे हप्त्याचं बोलणं काढण्याआधी विचारा. हप्ता म्हटल्यावर रोखीची सूट बहुधा निघून जाते.

एक गोष्ट दुकानात अर्ज करणाऱ्यांना कळकळीने सांगावीशी वाटते. पहिल्या कंपनीने नकार दिला की टेबलावरचा माणूस तोच अर्ज दुसऱ्या, मग तिसऱ्या कंपनीत टाकतो. विक्री व्हावी म्हणून तो हे करतो, पण एका संध्याकाळी एका मोबाइलसाठी तुमच्या अहवालात तीन चौकश्या बसतात आणि पुढची बँक त्या बघते. "एकाच कंपनीत टाका, नाही झालं तर थांबा," असं बसतानाच सांगा. ऑनलाइन अर्जात ही लगाम तुमच्या हातात राहते, म्हणून क्रेडिट कार्डासाठी मी घरूनच अर्ज करायला सांगतो. वस्तू त्याच दिवशी हवी असेल किंवा ऑनलाइन कागद पुरत नसतील तेव्हा काउंटर.

क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, ते देणं बँकेवर बंधनकारक आहे. मग सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा मिळणारा पूर्ण अहवाल फुकट काढून पाहा. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा; ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

मजुरी रोख मिळते, पगारपत्रक नाही, सिबिलचा स्कोअरच नाही, अशांची संख्या आपल्याकडे मोठी. त्यांनी सरळ बँकेत मुदतठेव करून तिच्यावर कार्ड घ्यावं. मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी मिळते आणि उत्पन्नाचा पुरावा सहसा लागत नाही. ठेव मात्र कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी, पतसंस्थेतली पावती इथे चालत नाही.

कार्ड घरी आल्यावर नको वाटलं तर सुरू करू नका. ३० दिवस सुरू झालं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती मागावी लागते, आणि ती मिळाली नाही तर काही न आकारता खातं बंद करावं लागतं. वापरातलं क्रेडिट कार्ड बंद करायचं तर बाकी चुकती करून लेखी मागणी करा. ७ कामाच्या दिवसांत बंद झालं नाही तर रोज ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. हप्त्याचं कर्ज संपलं की ना-हरकत पत्र मागवून ठेवा, बँकेत जाऊन कपातीचा आदेश रद्द झाला का पाहा आणि महिनाभराने अहवालात ते खातं 'बंद' दिसतं का तेही तपासा.