आमच्या चिंगीची ‘ती’ खोड

विषय घाण आहे, पण कुत्रं पाळलेल्या घरात तो कधी ना कधी निघतोच. कुत्रं शी खातं. स्वतःची खातं, दुसऱ्या कुत्र्याची खातं, मांजराची तर फार आवडीनं. आमच्याकडं दोन कुत्री. थोरला वाघ्या, आणि इथं कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडला सापडलेली चिंगी. खोड चिंगीला. वाघ्या परसात पेरूखाली गोल गोल फिरायला लागला की ही त्याच्या शेपटीमागं नाक लावून उभी. त्याचं पूर्ण उरकायच्या आत हिचं निम्मं खाऊन झालेलं असायचं. आणि वर तेच तोंड घेऊन स्वयंपाकघरात!

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, गावाकडं सगळीच कुत्री खातात की. तू कशाला एवढा जीव काढतीस?” धाकट्या दिरांना वाटायचं, दम दिला की सुटंल. ते पायातली चप्पल उगारून मागं धावायचे. झालं एवढंच, की चिंगी चावायचं सोडून थेट गिळायला लागली. तिच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे. माणूस एवढा जिवाच्या आकांतानं धावत येतोय म्हणजे वस्तू मोलाची असणार.

डॉक्टरांनी आधी दोघांच्याही शीचा सकाळचा ताजा नमुना कोरड्या डबीत मागितला. मग प्रश्न. वजन उतरतंय का? शी ढीगभर, पातळ, तेलकट होते का? पाणी जास्त पिते का? एखादं स्टेरॉइड चालू आहे का? कारण स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडले तर खाल्लेलं न पचताच बाहेर पडतं आणि कुत्रं कायम भुकेलं राहतं. मधुमेहात आणि स्टेरॉइडनंही भूक अशीच वाढते. वयानं मोठ्या कुत्र्याला ही खोड अचानक लागली असेल तर ही तपासणी टाळू नये. चिंगीच्या नमुन्यात जंत निघाले. वजन करून औषध दिलं, वाघ्यालाही दिलं. जंत गेले, खोड राहिली.

मग मी वाचायला बसले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १६ टक्के कुत्री हे वारंवार करतात, म्हणजे सहात एक. हावरट कुत्री जास्त करतात, आणि घरात एकापेक्षा जास्त कुत्री असली तर प्रमाण वाढतं. वय, रोजचा आहार, बाहेर शी करायची शिस्त यांचा फारसा संबंध दिसला नाही. बहुतेक कुत्री दोन दिवसांच्या आतलीच शी खातात. त्यामागचा त्यांचा अंदाज मला पटला. जंतांच्या अंड्यांना बाधा करण्याइतकं तयार व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा लांडग्यांच्या काळी राहत्या जागेजवळची ताजी घाण खाऊन टाकली की कळप वाचत असावा. कुत्री आपल्या पिल्लांची शी पहिले काही आठवडे चाटून साफ करते, ते आपण बघतोच. म्हणजे सासूबाईंचं अगदीच खोटं नव्हतं. पण जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि पार्व्हो हा विषाणू, यांना असा वेळ लागत नाही, त्यामुळं ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नव्हती.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. शी बेचव करणाऱ्या ज्या पावडरी आणि गोळ्या मिळतात, त्यांना आलेलं यश दोन टक्क्यांच्याही पुढं नव्हतं. दिरांनी आणलेली पावडर तरीही संपवली, पैसे गेलेत तर म्हणून. चिंगीला चवीत काडीचा फरक पडला नाही. अननस खायला घातलं की शी बेचव होते म्हणतात, त्याचंही तेच. मुसकं मी नकोच म्हटलं, ही जाळीतून जीभ काढणार आणि धुवायचं मला.

राहिलं काय, तर तिच्या आधी पोचणं आणि तिला दुसरं काम देणं. वाघ्या परसात जाताना चिंगीच्या गळ्यात लांब दोरी, टोक माझ्या हातात, खराटा आणि सुपली पेरूला टेकवलेली. सोबत ‘सोड’ शिकवणं. मुठीत काळजाचा तुकडा धरायचा. ती हुंगते, चाटते, पंजा मारते. मूठ उघडायची नाही. नाक जरा मागं घेतलं की ‘सोड’ म्हणायचं आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मग तेच जमिनीवर ठेवलेल्या बिस्किटावर, मग परसात. रविवारी आमच्याकडं मटण शिजवून त्याचं अळणी पाणी निघतंच, पण त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना घातक. म्हणून काळीज वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यात उकडायचं, मीठसुद्धा नाही, आणि नखाएवढे तुकडे करून फ्रीजमध्ये. त्या डब्यावरून घरात भांडणं झाली, ते असो.

वाघ्या बसला रे बसला की मी हाक मारायची, ती आली की काळीज, आणि तेवढ्यात दिरांनी सुपली उचलायची. एकट्या माणसाला हे अवघड आहे. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरला पाहिजे, नाहीतर एक ‘सोड’ म्हणतोय, एक ‘छी’ आणि एक ‘ए बाई, नको गं’. पावसाळ्यात चिखलात सगळं बिनसलं, पुन्हा मुठीपासून सुरुवात केली.

आता वाघ्या गोल फिरायला लागला की ती स्वतःच माझ्याकडं येते आणि खिशाकडं बघते. कधी मी घरात असले तर दारात येऊन भुंकते. दोरी परसात लागत नाही, सुपली मात्र लागते. दर तीन महिन्यांनी दोघांना जंताचं औषध चालू आहे. रंकाळ्यावर मोकळी फिरवायचं धाडस अजून केलेलं नाही, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडून जाताना म्हशी दिसल्या की दोरी हातभरच ठेवते. ताज्या शेणापुढं काळीजसुद्धा चालत नाही.