काकाजींची क्लिप

इलेक्ट्रिक सायकलवरून लोकांना नागपूर दाखवणं हे माझं काम. डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी झिरो माईलच्या घोड्यांपाशी आठ जण जमले. त्यातली एक मुलगी आजोबांना घेऊन आली होती. वय बहात्तर, गुडघे दुखरे. मला काळजीच वाटली.

"काकाजी, मोटर 250 वॅटची आहे, ताशी 25 च्या वर पळत नाही. तुम्ही नुसते पायडल फिरवा."

त्यांनी खिशातून लोखंडी क्लिप काढली, पॅन्टची मोहरी घोट्याशी दुमडून तिच्यात अडकवली आणि टांग मारली. अशी क्लिप मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

सीताबर्डीच्या टेकड्यांखाली 1817 ची लढाई सांगितली. किल्ला नंतरचा, नोव्हेंबरच्या 26 आणि 27 तारखेला आप्पासाहेब भोसल्यांची फौज या टेकड्यांवरच्या इंग्रजांवर चालून गेली होती. तिथून जुम्मा तलाव. इथे मी एम्प्रेस मिलबद्दल दोनच वाक्यं बोलायचो: जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून हे नाव, 2002 मध्ये बंद पडली, आता तिथे मॉल आहे.

"थांब जी जरासा," काकाजी मोठ्यानं म्हणाले. "तीस वर्षं साच्यावर होतो मी इथं."

साचा म्हणजे कापड विणायचा माग. नातीलासुद्धा हे नीटसं ठाऊक नव्हतं. पाळी सुटली की भोंगा व्हायचा आणि रस्ताभर नुसत्या सायकलीच सायकली, ते हात पसरून दाखवत होते. साचेखात्यात खडखडाट एवढा, की शेजारच्याचं ऐकू येत नसे. सगळे ओठ वाचून बोलायचे. म्हणाले, "पाह्य." आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. नातीला कळेना. पुन्हा हलवले. तिसऱ्यांदा ती एकदम ओरडली, "चहा झाला का?"

काकाजींनी मान हलवली. डोळे भरले होते त्यांचे. माझेही.

पाऊण तास आम्ही तिथेच उभे होतो. गांधी गेट, महाल, गोंड राजाचा किल्ला, सगळं राहिलं. कोणी कुरकुर केली नाही. त्या रविवारपासून मिलला मी वीस मिनिटं देतो.

परतताना लोखंडी पुलाखालून वर चढताना काकाजींनी मोटर बंद केली, पायडलवर उभे राहिले आणि आमच्या पुढे निघून गेले.