जर्मनीतल्या मंडळीत सेवेचं वर्ष: अर्ज पोचल्याचा पुरावा हातात ठेवा (माझा अनुभव)

जर्मनीत एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षभर सेवेला येणाऱ्या मुलामुलींना मला सगळ्यात आधी एकच सांगायचं आहे. व्हिसा संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज करा, आणि तो पोचल्याचा कागद स्वतःकडे ठेवा. माझे अडीच महिने या एका कागदापायी गेले आणि तो राग अजून ओसरलेला नाही.

मी अहिल्यानगरच्या मंडळीतून गेलो ते ‘बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट’मधून, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून. सक्तीची लष्करभरती थांबवली तेव्हा, १ जुलै २०११ पासून ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाला सगळे ‘बुफडी’ म्हणतात. करार १२ महिन्यांचा, त्यात २५ दिवस शिबिरांचे. राहायला मंडळीच्या इमारतीत खोली, जेवण आणि हातखर्च. आरोग्य विमा धरून सगळे विम्याचे हप्ते आपल्याला सेवेत घेणारी संस्था भरते. मुंबईतला व्हिसाचा टप्पा विनातक्रार पार पडला. फक्त पासपोर्ट हातात आला की व्हिसा किती दिवसांचा आहे ते तिथेच उभं राहून वाचा. करार वर्षाचा असला तरी व्हिसा वर्षाचा असेलच असं नाही. माझा ३ महिन्यांचा होता, १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. उरलेल्या काळाचा परवाना शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयातून, आउसलेंडरबेहोर्डेतून, घ्यायचा असतो.

त्याआधी पत्त्याची नोंद. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत शहराच्या नोंदणी कार्यालयात जायचं. सोबत घरमालकाचा दाखला लागतो, तो मंडळीचं कार्यालय देतं. पाळकांची (पास्टरांची) सही आहे ना बघा, नाहीतर परत पाठवतात. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो आणि तिथे आपली मुलं गोंधळतात. ‘एफांगेलिश’ लिहिलं की प्रोटेस्टंट मंडळीचे सभासद म्हणून नोंद होते आणि चर्च कर लागू होतो. हा कर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो, राज्याप्रमाणे. बुफडीच्या हातखर्चावर आयकरच नसतो, त्यामुळे त्या वर्षात कर शून्य. पण पुढे तिथेच नोकरी धरली तर तो पगारातून कापला जाणार, आणि नाव काढायचं तर सरकारी कार्यालयात रीतसर जावं लागतं. म्हणून रकाना भरायच्या आधी पाळकांशी बोला. माझ्या पाळक बाई होत्या. आपल्याकडे पाळकीणबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी, इथे त्या स्वतःच उपदेश करतात आणि प्रभुभोजन देतात.

आता अडलेलं सांगतो. सप्टेंबरच्या मध्यावर मी परदेशी नागरिक कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. लगेच ईमेल आला: तुमची विनंती मिळाली, कृपया पुन्हा विचारू नका, त्याने काम लांबतं. मी आज्ञाधारकपणे विचारलं नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. फोन केला तर ध्वनिमुद्रित आवाज. प्रत्यक्ष गेलो तर दारावरचा सुरक्षारक्षक भेटीची वेळ दाखवा म्हणायचा, आणि ती वेळच तर मागायला मी गेलो होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळीच्या कार्यालयातल्या बाई माझ्याबरोबर आल्या तेव्हा खिडकीतून उत्तर मिळालं: भेटीचं पत्र ऑक्टोबरमध्येच पाठवलं होतं, पत्त्यावर व्यक्ती सापडली नाही म्हणून ते परत आलं.

कारण लेटरबॉक्स. जर्मनीत पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. माझ्या पेटीवर आधीच्या स्वयंसेवकाचं नाव होतं. पासपोर्टवर आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं लांबलचक छापलेलं असतं, त्यातलं निदान आडनाव पहिल्याच दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा. बँकेचं कार्ड, करदात्याचा ११ अंकी क्रमांक, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. पेटीवर नाव नसणं ही चूक माझी. पण परत आलेलं पत्र फाइलमध्ये ठेवून गप्प बसायचं, हाताशी असलेल्या ईमेलवर एक ओळही लिहायची नाही, हे मला आजही पटत नाही. त्यावर माणसाचं तिथे राहणं अवलंबून असतं.

त्या बाईंनी मार्ग दाखवला: फॅक्स. मंडळीच्या कार्यालयात तो अजून चालू होता. निवास कायद्याच्या ८१व्या कलमात म्हटलंय की हातातला परवाना संपायच्या आत अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. दीर्घकाळ राहायला येणाऱ्यांच्या राष्ट्रीय व्हिसालाही (माझा ३ महिन्यांचा असला तरी तोच होता) हे लागू आहे, अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसाला नाही. भेट कधी मिळाली याला महत्त्व नाही, अर्ज कधी पोचला याला आहे. आणि तो पोचला हे सिद्ध आपल्याला करावं लागतं. संकेतस्थळावरच्या त्या ईमेलमध्ये ‘विनंती’ एवढाच शब्द होता. कसली विनंती, कोणाची, काही नाही.

पत्र एका पानाचं ठेवलं. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, व्हिसा संपण्याची तारीख. मग दोन वाक्यं: कलम १९क उपकलम १ आणि रोजगार नियमावलीच्या १४व्या कलमाखाली स्वयंसेवेसाठी निवास परवाना द्यावा, आणि निर्णय लांबणार असेल तर कलम ८१ उपकलम ५ प्रमाणे तात्पुरता दाखला द्यावा. (‘क’ म्हणजे जर्मन वर्णमालेतलं तिसरं अक्षर c, उच्चार ‘त्से’.) सोबत पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, करार, विम्याचा दाखला, पत्त्याच्या नोंदीचा दाखला. फॅक्स गेल्यावर यंत्रातून पोचपावती निघते. त्यावर पहिल्या पानाची छोटी प्रतिमा, तारीख, वेळ आणि ‘ओके’ असायला हवं. फॅक्स नसेल तर नोंदणीकृत टपाल. तेही जमलं नाही तर कार्यालयाच्या पेटीत पत्र टाकताना कोणाला तरी सोबत न्या आणि त्यांची सही घेऊन ठेवा.

आठ दिवसांत कार्यालयाचं पत्र आलं, तात्पुरता दाखला घ्यायला या म्हणून. जी दाद दोन महिने मिळाली नाही ती एका फॅक्सने मिळाली.

तात्पुरत्या दाखल्याला ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ म्हणतात. घडीचा कागद, फी १३ युरो. खिडकी सोडायच्या आधी तिसरं पान उघडा. तिथे तीन चौकोन असतात, खूण तिसऱ्यावर, कलम ८१च्या ‘उपकलम ४’ समोर हवी. ती असली तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. खूण उपकलम ३ समोर असेल तर परत येता येत नाही, आणि नाताळनंतर घरी जायचं तिकीट काढलेलं असेल तर ते विमानतळावर कळतं. प्रवासात हा कागद, पासपोर्ट आणि संपलेला व्हिसा एकत्र दाखवा. मधल्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांनी असा कागद बहुधा पाहिलेला नसतो, म्हणून थोडा वेळ हाताशी ठेवा.

हा दाखला नसता तर ३० नोव्हेंबरनंतर मंडळीला मला कामावर ठेवता आलं नसतं. रविवारी १० च्या उपासनेआधी गीतांचे क्रमांक फळ्यावर लावणं, मग कॉफी, मंगळवारी दुपारी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गातली मुलं, गुरुवारी ‘टाफेल’ या अन्नवाटप केंद्रात उरलेलं अन्न वाटणं, महिन्याचं मंडळीचं पत्रक घरोघरी टाकणं, सगळं बंद. सोमवार सुट्टीचा. माझे बहुतेक सोमवार परदेशी नागरिक कार्यालयात गेले.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. बालवाडीत काम असेल तर गोवराच्या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा लागतो. १ मार्च २०२० पासूनचा कायदा आहे, १९७० नंतर जन्मलेल्या सगळ्यांना. लहानपणचं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर निघण्यापूर्वी एमएमआरच्या दोन मात्रा ४ आठवड्यांच्या अंतराने घ्या, पावती नको, डॉक्टरांच्या सहीचं इंग्रजी प्रमाणपत्र घ्या. मुलांबरोबर काम करायला चारित्र्याचा विस्तारित दाखलाही लागतो. मंडळीचं पत्र जोडलं तर स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो, पण पत्त्याची नोंद झाल्याशिवाय मागता येत नाही.

परवान्याची भेट जानेवारीत मिळाली. फी १०० युरो. फोटो कागदी घेऊन जाऊ नका, मे २०२५ पासून डिजिटलच चालतो. कार्ड बर्लिनच्या छापखान्यातून येतं, माझं फेब्रुवारीअखेर आलं. त्यासोबत एक हिरवी पुरवणी असते, तिच्यावर कोणत्या संस्थेत सेवेला परवानगी आहे ते छापलेलं असतं. वर्षाच्या मध्यात मंडळी बदलली तर ती पुरवणी आधी बदलून घ्या, नव्या ठिकाणी पहिला दिवस त्यानंतरच.