अकराला सात मिनिटं कमी

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, टीव्हीवर नुसता निळा पडदा आहे. बातम्या गेल्या माझ्या." रिचार्ज संपला होता. वर्षभरातली ही तिसरी वेळ. मी सुदामा नगरात राहते, आई लोकमान्य नगरातल्या जुन्या घरी. वय ८१. ओटीपी वाचून दाखवणं, मेनूत जाणं हे तिच्याच्यानं होत नाही आणि आता व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही. पैशांचा प्रश्न नव्हताच. एक तारीख माझ्या लक्षातून निसटली की तिची अख्खी संध्याकाळ जाते, हे मला फार लागलं. लग्न होऊन कोल्हापूरहून इंदूरला आली त्याला साठ वर्षं होत आली, पण सह्याद्रीवर सातच्या बातम्या लागल्या की ती आजही हातातलं काम खाली ठेवते.

तेव्हाच ठरवलं, आईकडे पुन्हा रिचार्ज करायचा नाही. जे फुकट मिळतं आणि कधी बंद पडत नाही तेच लावायचं.

आईचं म्हणणं होतं की गच्चीवरचा जुना अँटेनाच सुरू करावा. बाबांनी उभा केलेला लोखंडी पाइप अजून ताठ आहे, वर ॲल्युमिनियमच्या चार काड्याही आहेत. तिला समजावून सांगितलं की त्या काड्या ज्या लहरी पकडायच्या त्याच आता येत नाहीत. दूरदर्शननं जमिनीवरचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद केले. २०१६ च्या फेब्रुवारीत सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यात इंदूरही होतं, पण ते पकडायला टीव्हीत डीव्हीबी-टी२ हा डिजिटल ट्यूनर लागतो. आईच्या टीव्हीचं माहितीपत्रक शोधून काढलं, तर ट्यूनरपुढे फक्त 'ॲनालॉग' छापलेलं. मग उरली डीडी फ्री डिशची छत्री. डिसेंबर २००४ पासून ही सेवा आहे (तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं), महिन्याला काही भरायचं नसतं, आणि सह्याद्री त्यात आहे. आमच्यापुरतं तेवढं पुरे.

जेल रोडवर दुकानदार म्हणाला, "दीदी, ये ले जाओ, सब आएगा." मी दोनच गोष्टी विचारल्या. बॉक्स एमपीईजी-४ चा, म्हणजे नव्या पद्धतीचं चित्र उलगडणारा आहे का? साध्या जुन्या बॉक्सवर काही चॅनेल उघडत नाहीत. आणि केबल आरजी-६, म्हणजे छत्रीला लागते ती आहे का? दोन्हींना हो म्हणाला. ६० सेंटीमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावरचा, लहरी पकडणारा छोटा डबा), बॉक्स आणि वीस मीटर केबल मिळून १,८५० रुपये झाले.

बसवायला एक माणूस बोलावला. वीस मिनिटांत गच्चीच्या कठड्यावर दोन स्क्रू मारून छत्री लावली, चित्र दाखवलं आणि गेला. मे महिना छान गेला. जूनच्या पहिल्याच वावटळीत छत्री हलली. तो येऊन सरळ करून गेला. जुलैत पाऊस लागला आणि चित्राचे चौकोन चौकोन व्हायला लागले. फोन केला की उत्तर एकच, "बारिश में ऐसा होता है." थोडं खरं आहे ते. छत्रीवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी दाट पावसात विरतात, धो-धो सर आली की पाच-दहा मिनिटं चित्र जातं. पण आईचं चित्र पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास येत नव्हतं. नीट बघितलं तेव्हा कळलं. शेजारच्या वाड्यातला कडुनिंब बरोबर छत्रीच्या समोर होता. मेमध्ये त्याच्या विरळ फांद्यांतून चित्र निभावून गेलं. पावसाळ्यात पानं भरली, ओली झाली, आणि ओलं पान या लहरींना भिंतीसारखं आडवं येतं.

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. इतकी वर्षं फळ्यावर पृथ्वी काढून मुलांना अक्षांश-रेखांश दाखवले आणि आईच्या छत्रीसाठी दुसऱ्याच्या अंदाजावर विसंबले, हे मनाला पटेना. वही काढून गणित मांडलं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटनं सोडला. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. इंदूर २२.७ उत्तर, ७५.९ पूर्व. म्हणजे आपल्या गच्चीवरून तो उत्तरेपासून साधारण १४० अंशांवर, आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५७ अंश वर. इथे सगळे फसतात, कारण छत्री बघून ती इतकी वर बघतेय असं वाटतच नाही. या छत्र्यांचा पत्रा मुद्दाम तिरका घडवलेला असतो, त्यामुळे ती खऱ्या दिशेपेक्षा पंचवीसेक अंश खाली, समोरच्या घराच्या गच्चीकडे बघत असल्यासारखी दिसते. त्यामुळे समोरचं घर आडवं येतंय असं वाटतं आणि वरची फांदी कुणाच्या ध्यानातच येत नाही.

गणितातून दुसरी एक गोष्ट हाती आली आणि तिनं मला इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला भाच्याला फोन केला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, इंदूरहून बघितलं तर सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. म्हणजे त्या वेळी गच्चीवर जिथे ऊन, तिथून उपग्रह दिसतो. जिथे कडुनिंबाची सावली, तिथे छत्री लावून उपयोग नाही.

सप्टेंबरभर थांबलो. आईला म्हटलं, एक महिना धीर धर, ती म्हणाली, "धर म्हणतेस तर धरते." तीन ऑक्टोबरला मी आणि भाचा खडू घेऊन साडेदहालाच गच्चीवर गेलो. सावली हळूहळू सरकत होती. दहा त्रेपन्नला भाच्यानं सावलीची कड खडूनं आखली. कठड्यावरची छत्री अख्खीच्या अख्खी सावलीत होती. आणि पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, बाबांच्या पाइपाभोवती, लख्ख ऊन. हातात खडू घेऊन मी तिथे थोडा वेळ नुसती उभी राहिले.

मग पाइपालाच छत्री लावायची ठरली. काड्या उतरवल्या, त्या आईनं जपून ठेवल्या आहेत. पाइपाला ओळंबा लावून बघितला. पाइप कलता असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना वर-खालीही होते आणि माणूस दिवसभर शोधत बसतो. आमचा एक बोट कलला होता. तळाशी पत्र्याची पाचर मारली आणि नवे अँकर बोल्ट घातले.

छत्री १४० अंशांवर धरली. टीव्ही खाली आणि आम्ही वर, म्हणून भाच्याचा फोन पडद्यासमोर ठेवून व्हिडिओ कॉल लावला. बॉक्सवर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी एलएनबीला वीज मिळाली की आकाशात कुठेही तोंड केलं तरी भरते. बघायची ती क्वालिटी. आमच्याकडे दोन्ही शून्य. एलएनबी बदलून बघितला, बॉक्स बंद-चालू केला, सेटिंगमध्ये एलएनबीचे आकडे ९७५०-१०६०० आहेत ना ते तपासलं. सगळं बरोबर. अर्धा तास गेला. शेवटी मी केबलचं टोक चष्म्याजवळ धरलं. मधली तांब्याची तार पिन म्हणून बाहेर येते, तिच्याभोवती पांढरं आवरण आणि त्यावर बारीक तारांची जाळी. त्या जाळीतली एकच तार, केसाएवढी, वळून तांब्याला चिकटली होती. एवढ्यानं वीज वर जातच नव्हती. नखानं ती मागे दुमडली, कनेक्टर पुन्हा घट्ट फिरवला. भाचा ओरडला, "आत्या, स्ट्रेंग्थ आली!"

त्यानंतर क्वालिटी शोधणं म्हणजे हाताच्या संयमाचं काम. छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की दिशा एक अंशानं बदलते, आणि एक अंश म्हणजे तिथे वर सहाशे किलोमीटरहून जास्त. मी नट अर्धवट ढिले ठेवले, बोटानं ढकलायचं, पाच सेकंद थांबायचं. थांबावंच लागतं, बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. क्वालिटी ४१ वर आली. मग एलएनबी त्याच्या कड्यात हळूहळू फिरवला. उपग्रह आपल्या पूर्वेला असल्यामुळे त्याची लहर आपल्याकडे तिरपी पोहोचते, इंदुरात जवळजवळ ३६ अंश, आणि एलएनबीही तेवढाच तिरका लागतो. आधीच्या माणसानं तो सरळ उभा लावला होता. फिरवता फिरवता आकडा ७४ झाला. नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली की छत्री ओढली जाते.

केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, केबलवरून घरात येत नाही. मध्ये कुठेही जोड ठेवला नाही.

त्या संध्याकाळी सातला आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. बातम्या संपेपर्यंत आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच गेले. पोह्याची बशी हातात होती. दहा बावन्नला चित्र थरथरलं आणि थिजलं. आईचा चेहरा उतरला. "गेलं का गं पुन्हा?"

मी तिचा हात धरून अंगणात नेलं आणि कडुनिंबाच्या वर बोट दाखवलं. "गेलं नाही. उपग्रहाच्या बरोबर मागे सूर्य आलाय, त्याच्या लहरींत उपग्रहाची लहर बुडते. म्हणजे आपली छत्री अगदी नीट लागली आहे. पाच मिनिटं थांब."

डोळ्यांवर हात धरून ती बघत राहिली. आत गेलो तेव्हा चित्र परत आलं होतं.