शांत मुलगी

आज इथल्या, जर्मनीतल्या शाळेत पालकांच्या भेटी होत्या. आमच्या वाट्याला दहा मिनिटे आली होती आणि बाबांना सुट्टी न मिळाल्यामुळे आई एकटीच आली, म्हणजे बाई आणि आई यांच्यामध्ये दुभाषी म्हणून मीच बसले. बाईंनी माझ्या चाचणीची पाने उलटली आणि म्हणाल्या की ही फार 'श्टिल' मुलगी आहे. आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "बाई म्हणतायत, मी शांत आहे." आईला हसू आवरेना. "तू आणि शांत? घरी तुझ्या तोंडाचा पट्टा क्षणभर बंद नसतो, सांग ना त्यांना!" मी बाईंना सांगितले की आई आपले आभार मानते आहे.

एवढेच घडले. बाई हसल्या, आई हसली आणि दोघीही समाधानाने उठल्या. मी मात्र संध्याकाळपासून त्या दहा मिनिटांतच अडकून पडले आहे.

'शांत' हा शब्द मी विचार करून निवडला नाही, तो तोंडात आला. पण तो खोटा होता हे मला त्याच क्षणी कळले होते. मराठीत एखादी मुलगी शांत आहे असे म्हटले की ते कौतुक असते. बाईंना जे म्हणायचे होते त्याला आपल्याकडे अबोल म्हणतात, गप्प म्हणतात, आणि रागाच्या भरात घुमीही म्हणतात. शिवाय बाई तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. लेखी चाचण्या चांगल्या असल्या तरी वर्गात बोलण्याचेही गुण असतात, हात वर केल्याशिवाय माझी श्रेणी सुधारणार नाही, असे त्या बराच वेळ समजावून सांगत होत्या. (इथे 1 ते 6 अशा श्रेणी असतात आणि 1 सर्वांत चांगली.) ते सगळे मी गिळले. बाईंचे अर्धे बोलणे आईपर्यंत पोहोचले नाही आणि आईचे बाईंपर्यंत मुळीच पोहोचले नाही. दोघी दोन वेगळ्या मुलींना ओळखतात आणि त्यांची गाठ पडू नये म्हणून मीच मध्ये बसले होते, असे आता वाटते.

मी गप्प का असते, हे मला बाईंना सांगता आले असते तर बरे झाले असते. मागच्या आठवड्यात जीवशास्त्राच्या तासाला मला उत्तर येत होते. 'सुरू होते' एवढेच क्रियापद हवे होते, पण 'आनफांगेन' वाक्यात शिरले की दुभंगते: त्याचा मोठा भाग दुसऱ्या जागी बसतो आणि 'आन' हा तुकडा थेट वाक्याच्या शेवटी जातो. तो शेवटी ठेवायचा हे मनात घोकत मी हात खांद्यापर्यंत उचलला, आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलाने तेच उत्तर देऊन टाकले. मग मी त्याच हाताने केस मागे सारले. मला सोपी जातात ती 'वाइल'ची वाक्ये, कारण 'वाइल' म्हणजे 'कारण', आणि तो शब्द आला की जर्मनमध्येही क्रियापद आपल्यासारखे शेवटी जाते. त्यामुळे वर्गात मी जे थोडेफार बोलते त्यातले निम्मे कुणाच्या तरी 'का'चे उत्तर असते. आपणहून मी काही सुरू करत नाही.

गणिताच्या तासाची गोष्ट वेगळी आहे. 2019 साली मी दुसरीत गेले तेव्हा बालभारतीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने 'वीस एक' आले होते आणि आजीने ते घरात चालू दिले नव्हते. इथे आल्यावर आजीचाच हट्ट कामी आला. जर्मनमध्येही एकवीस म्हणजे 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस, एकक आधी. सर आकडे सांगतात तेव्हा माझ्यासारखी नव्याने आलेली इतर मुले बावन्न ऐकून पंचवीस लिहितात. माझी चूक होत नाही. त्या सरांना विचारले असते तर त्यांनी मला श्टिल म्हटले नसते.

पण वर्गशिक्षिका बाईच आहेत, आणि त्यांनी 'श्टिलेस मेट्शेन' म्हटले. मेट्शेन म्हणजे मुलगी, आणि जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे. शब्दाला शेवटी 'शेन' हा प्रत्यय लागला की तो 'ते' होतो, हा केवळ व्याकरणाचा नियम आहे आणि आपणही पोर, लेकरू यांना 'ते'च म्हणतो, हे मला माहीत आहे. तरीही आज रात्री ती शाळेतली मुलगी मला खरोखर 'ते' वाटते आहे. ते रोज सकाळी माझे दप्तर घेऊन जाते, माझ्या बाकावर बसते आणि दुपारी मला परत आणून सोडते. आजीला हे फोनवर सांगावे असे वाटले, पण आजी...

जेवताना आईने विचारले, "बाई एवढं बोलत होत्या आणि तू एकच वाक्य सांगितलंस. बाकीचं काय होतं?" तिच्या लक्षात आले होते तर. मी सगळे सांगितले, तिचे वाक्य न सांगितल्याचेही. ती रागावली नाही. "माझ्या वर्गात मी तरी कुठे बोलते," एवढे म्हणाली आणि उठली. तिच्या भाषावर्गाबद्दल मी आजवर कधी विचारलेच नव्हते.

नंतर मी 'तोंडाचा पट्टा' जर्मनमध्ये शोधत बसले. पट्टा काही सापडला नाही, पण न थांबता बोलणाऱ्याला ते लोक 'ओने पुंक्ट उंट कोमा' बोलतो असे म्हणतात: पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ते वाचून मला दिवसभरात पहिल्यांदा हसू आले, कारण हे तर अगदी माझे वर्णन आहे. मग आईचे वाक्य मी वहीत जर्मनमध्ये उतरवले, क्रियापद दुसऱ्या जागी आहे ना ते दोनदा पाहिले आणि खाली देवनागरीत उच्चार लिहिला. उद्या तिसरा तास बाईंचा आहे. तास संपल्यावर त्या फळा पुसायला थांबतात, तेव्हा मी त्यांना सांगेन की आई काल असे म्हणाली होती आणि ते सांगायचे मी राहू दिले.