एक नंबरमध्ये सगळे नरच

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन कोळी मोजायला गेले होते. जाळं विणणारे नव्हे, भिंतीवरून उड्या मारणारे. वाड्यातल्या काकूंनी दारातच बजावलं, "करोळिये हवे तेवढे न्या, पण तुळशीला धक्का लागता कामा नये."

पकडलेला प्रत्येक कोळी आम्ही एकेका नळीत ठेवत होतो. पहिल्याच नळीपाशी घोडं अडलं. एका मुलीच्या मोबाइलमधल्या ॲपने काळ्या-पांढऱ्या कोळ्याला 'फिडिपस ऑडॅक्स' ठरवून टाकलं. मी सगळ्यांदेखत सुनावलं, "अगं, तो उत्तर अमेरिकेतला. त्याचे जबडे हिरवे चमकतात. याच्या पाठीवर तर डोळ्यांपासून सरळ पांढरा पट्टा आहे. स्थळ बघताना आधी गाव विचारतात ना, तसं इथेही विचारायचं!" मुलं हसली. तिचं तोंड उतरलं.

माझ्या वहीत तीन प्रकार झाले. एक : काळा, पांढऱ्या पट्ट्याचा. दोन : तपकिरी, मधोमध रुंद फिकट पट्टा. तीन : करडा, चपटा, भिंतीला चिकटल्यासारखा. यातल्या नराच्या फिकट पोटावर मधोमध गडद पट्टा, म्हणजे एक नंबरच्या अगदी उलट. हा मेनेमेरस बायव्हिटॅटस, त्यात शंका नव्हती.

दुपारी प्रयोगशाळेत तीच मुलगी मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाली, "मॅडम, एक नंबरमध्ये सगळे नरच कसे?"

कोळ्याच्या तोंडापाशी आखूड पायांसारखे दोन अवयव असतात. वयात आलेल्या नरात त्यांची टोकं फुगतात, बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखी. ही खूण मीच शिकवलेली. एक नंबरच्या 9 नळ्या पुन्हा पाहिल्या : नऊही नर. दोन नंबरमध्ये नर औषधालाही नाही. मला घाम फुटला. तपकिरी मादीला उताणी करून पोटाखालचा जननभाग चित्राशी ताडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. दोन्ही प्लेक्सिपस पेकुली. 1826 मध्ये नाव मिळालेला, उष्ण प्रदेशांत घरोघरी आढळणारा कोळी. मी नवरा-बायकोची दोन वेगळी घराणी मांडली होती.

वहीतला दोन नंबर तिच्याच हाताने खोडायला लावला. लहान पिल्लांच्या नळ्या उरल्या. त्यांची नावं सांगा म्हणून मुलं मागे लागली, तर मी चिठ्ठीवर नुसतं 'पिल्लू, दांडिया बाजार' लिहिलं.