आमच्या तळघरात पाणी कुठून यायचं, हे कळायला तीन पावसाळे गेले

पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तळघरातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून मी जिना उतरायला लागले, तर शेवटच्या दोन पायऱ्या दिसेचनात. टॉर्चच्या उजेडात काळं पाणी, त्यावर तरंगणारी पुठ्ठ्याची खोकी आणि आडवं पडून भिंतीला धडका देणारं लाकडी स्टूल. एका खोक्यात आईची पत्रं होती. मी तशीच पाण्यात उतरणार होते, तेवढ्यात मागून नवरा ओरडला, "थांब! खालचा बोर्ड चालू आहे."

ते ऐकलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही अंगावर येतो. भरलेल्या तळघरात वीज चालू असताना पाय टाकायचा नाही, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आमचा मेन स्विच वरच्या मजल्यावर होता म्हणून तो कोरड्यात उभं राहून बंद करता आला. ज्यांचा खाली आहे, त्यांनी तो हलवून घ्यावा. पाणी येवो न येवो.

सकाळी आम्ही पंप आणून सगळं पाणी एका दमात उपसणार होतो. शेजारचे काका निवृत्त स्थापत्य अभियंते. ते म्हणाले, "घाई करू नका. बाहेरची माती पाण्याने फुगलेली आहे. आतलं पाणी सध्या भिंतीला आतून टेकू देतंय. ते एकदम काढलंत तर बाहेरचा रेटा एकट्या भिंतीवर येईल." मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. पाण्याखाली एक मीटर गेलं की दर चौरस मीटरला साधारण एक टन दाब. बाहेर दोन मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं असेल तर चार मीटर लांबीच्या भिंतीवर नुसत्या पाण्याचा जवळपास ८ टन रेटा, मातीचा वेगळा. आमचं पाणी गुडघाभरच होतं, तरी काकांचं ऐकून आम्ही थोडं उपसून थांबलो, पातळी पुन्हा चढते का ते पाहिलं आणि मग पुढचं काढलं. तळघर छातीभर भरलं असेल तर दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये, असं ते म्हणाले.

पत्रांचा लगदा झाला होता. गालिचा, गादी, प्लायवूडचं कपाट, सगळं टाकून दिलं. ओल्या वस्तूंवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. आम्ही गादी वाळेल या आशेवर चार दिवस ठेवली आणि तिचा कुबट वास घरभर पसरला.

त्यानंतर जी चूक केली, ती बहुतेक घरांत होत असावी. भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग लावून घेतला. काम करणाऱ्याने छातीठोक सांगितलं, आता थेंब येणार नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याच आठवड्यात रंगाला फोड आले. एक फोड टाचणीने टोचला तर आतून पाण्याची बारीक धार निघाली. रंगाचा दोष फारसा नव्हता. पाणी बाहेरून ढकलत असताना आतून लावलेला पातळ थर टिकायचा कसा? भिंतीवर पांढरी भुकटी दिसली, म्हणजे लोणा, की समजावं पाणी भिंतीतून प्रवास करून येतंय आणि वाटेतले क्षार पृष्ठभागावर सोडून उडून जातंय. आमच्या भिंतीला लोणा आधीपासून होता. आम्ही तो खरवडला, त्यावर रंग दिला आणि सुटलो असं समजलो.

त्या फोडांनंतर काकांनी मला एक वही करायला सांगितली. पाणी दिसलं की चारच गोष्टी लिहायच्या: पाऊस सुरू होऊन किती वेळ झाला, पाणी नेमकं कुठून निघालं, ते स्वच्छ आहे की घाण, आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ येत राहिलं. अंगणात सरळ बाजूंचं एक भांडं उघड्यावर ठेवलं. त्यात साचलेल्या पाण्याची उंची म्हणजे त्या वेळचा पाऊस. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत उपयोगी काम होतं. त्या वहीमुळेच कळलं की आमच्याकडे पाणी एका वाटेने येत नव्हतं. तीन वाटा होत्या, आणि आम्ही तिन्हींवर एकच औषध लावत होतो.

पहिली वाट सापडली ती भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरल्यामुळे. वहीत तीन वेळा तीच नोंद होती: जोराचा पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात, मागच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यातून, गढूळ पाणी. बाहेर बरोबर त्याच कोपऱ्यावर छताच्या पन्हळीचा पाइप उतरत होता आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर पाणी ओतत होता. छताचा अर्धा भाग, सुमारे ६० चौरस मीटर, त्या एकाच पाइपवर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या संध्याकाळी भांड्यात ८० मिलिमीटर भरलं होतं. म्हणजे ४,८०० लिटर पाणी आम्ही आपल्याच हाताने पायाच्या एका कोपऱ्यात ओतलं होतं! हा आकडा लिहिताना माझा हात थांबला. उरलेलं पाणी पानांनी तुंबलेल्या पन्हळीवरून पागोळ्यांसारखं भिंतीलगत पडत होतं, ते वेगळंच.

त्यात जमिनीचा ढाळही उलटा झाला होता. तळघर बांधताना खड्डा भिंतींपेक्षा रुंद खणतात आणि नंतर मोकळी राहिलेली जागा मातीने भरतात. ती भरावाची माती आजूबाजूच्या मूळ जमिनीइतकी घट्ट कधीच नसते. वर्षानुवर्षं दबत जाते, तिच्यावरची फरशीही तिच्याबरोबर खचते. मग घराभोवती एक अदृश्य वाडगं तयार होतं आणि अंगणातलं पाणी त्यात उतरतं. गवंड्याने दोरी आणि पाण्याची नळी लावून मोजलं, तेव्हा भिंतीलगतची जमीन दोन मीटरवरच्या जमिनीपेक्षा चार बोटं खाली निघाली. डोळ्यांना ती सपाट दिसायची.

उपाय साधे होते, मेहनत खूप होती. खचलेली फरशी उखडली, चिकण माती थराथराने भरून धुमसली आणि भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार बाहेरच्या दिशेने काढला. भिंतीलगत वाळू भरू नका, असं गवंडी बजावून सांगत होता, कारण वाळूतून पाणी सरळ खाली जातं. भर घालताना माती जोत्याच्या वर चढणार नाही, हेही बघावं लागलं. नाहीतर तळघराची ओल थांबते आणि वरच्या खोलीच्या भिंतीत चढते. पन्हळीच्या पाइपला जोड देऊन तोंड दोन मीटर लांब नेलं. पन्हळ आता पावसाआधी आणि पावसात मधूनही साफ करतो.

यानंतरच्या मोठ्या पावसात मागचा कोपरा कोरडा राहिला. मी आनंदाने सगळ्यांना खाली नेऊन दाखवलं. आठवड्याभराने मोरीतून पाणी वर आलं.

हे पाणी वेगळं होतं. आधी नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातून, गुडगुड आवाज, मग बुडबुडे, मग काळपट, घाण वासाचं पाणी. भिंती कोरड्या ठणठणीत. ही रस्त्याखालच्या गटाराची वाट. पावसाचं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत शिरलं की ती तुडुंब भरते, आणि भरलेल्या वाहिनीतलं पाणी जोडलेल्या घरांत उलटं चढू लागतं. घरातलं सर्वांत खालचं उघडं तोंड कुठलं? तळघरातली मोरी. वर सिंक आणि संडास व्यवस्थित चालतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

प्लंबरने बाहेरचं चेंबर उघडून पाहिलं. आधी मुळं किंवा चोंदा नाही याची खात्री केली, कारण आपलीच लाइन तुंबली असेल तरी चित्र असंच दिसतं. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवला: आतली झडप पाण्याला बाहेर जाऊ देते, उलटं आलं की मिटते. पण तो कुठे बसवायचा, यावर त्याने फार मोलाची गोष्ट सांगितली. "ताई, वरच्या मजल्यांचं पाणी झडपेच्या पुढे जोडायचं. मागे जोडलं आणि झडप मिटली, की तुम्ही वर आंघोळ कराल ते पाणी तुमच्याच तळघरात येईल." आमचं जोडलेलं मागेच होतं, त्यामुळे पाइप बदलावा लागला. झडपेत केस आणि तेलकट गाळ अडकला तर ती अर्धवट उघडी राहते, म्हणून झाकण काढून ती धुणं हे कायमचं काम होऊन बसलं आहे. त्या पाण्याने भिजलेलं काहीही वाचवायच्या भानगडीत पडू नये. हातमोजे आणि बूट घालून फरशी जंतुनाशकाने धुवावी, मुलांना वरच ठेवावं.

तिसरी वाट ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागला. पाऊस उघडून दोन दिवस झालेले, बाहेर ऊन, आणि भिंत जिथे जमिनीला मिळते त्या सांध्यातून स्वच्छ पाणी पाझरतंय. मला वाटलं हवेतली दमट वाफ गार फरशीवर जमत असेल. काकांनी हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून फरशीवर डकवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वरून कोरडा, खालून ओला. वरून ओला निघाला असता तर हवेतली वाफ. तशा वेळी उष्ण, दमट दिवसात खिडक्या उघडल्या तर ओल वाढतेच. खालून ओला म्हणजे पाणी जमिनीतून येतंय.

जमिनीखालच्या पाण्याची पातळी पावसाबरोबर लगेच चढत नाही. ते मातीतून हळूहळू मुरतं, म्हणून तळघर ऊन पडल्यावर भरतं. आणि तो सांधा मुळातच कच्चा दुवा असतो, कारण सहसा भिंती आधी ओततात आणि फरशी नंतर. दोन काँक्रीट एकमेकांना चिकटून असतात, एकजीव नसतात. सांधा नुसता बुजवला तर पाणी दुसरी फट शोधतं. रंगाच्या फोडांनी मला ते दाखवलं होतं. या पाण्याला वाट करून देणंच शहाणपणाचं.

बाहेरून पायापर्यंत खणून वॉटरप्रूफिंग करणं आणि तळाशी पाइप टाकणं हा जास्त चांगला मार्ग आहे, हे मी मान्य करते. नवं घर बांधत असाल तर तोच करा, तेव्हा खड्डा उघडाच असतो. आमच्याकडे दोन बाजूंना खणायला जागा नव्हती, म्हणून आतून केलं. भिंतीलगतची फरशी फोडून चर, चरात खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप, गाळ शिरू नये म्हणून भोवती गाळणीचं कापड. पाइपचा उतार कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे, आणि खड्ड्यात पाण्याबरोबर तरंगती बोंडी (फ्लोट) वर उचलली गेली की आपोआप सुरू होणारा पंप. भिंतीत एक उभी भेग होती, ती पॉलियुरेथेन टोचून भरली. ते पाण्याशी संपर्क आला की फुगतं आणि थोडं लवचीक राहतं. भेग रुंदावत असेल किंवा भिंत आत झुकली असेल, तर मात्र आधी अभियंत्याला दाखवावं.

पंप घेताना खोक्यावरचा लिटरचा आकडा पाहून फसू नका. तो बहुधा शून्य उंचीचा असतो. आमच्याकडे पाणी तीन मीटर वर चढवायचं होतं, त्या उंचीला पंप किती देतो हे वेगळं विचारावं लागलं. वर जाणाऱ्या पाइपमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप थांबला की पाइपमधलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो. बाहेरचं तोंड घरापासून लांब, उताराच्या बाजूला. नाहीतर तेच पाणी मुरून पुन्हा आत. ते सांडपाण्याच्या लाइनला जोडायचं नाही, आधीच भरलेल्या गटारात आणखी भर पडते. आणि वीज जाते ती नेमकी वादळी पावसात, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप थोडा वरच्या पातळीला बसवला आहे. पाऊस लागायच्या आधी मी खड्ड्यात बादल्या ओतते, बोंडी उचलली जाते का पाहते, मग मेन बंद करून पुन्हा ओतते.

मागच्या मोठ्या पावसात तीन दिवस बाहेरचं पाणी ओसरलं नव्हतं. रात्री खाली गेले तेव्हा पंप दर बारा मिनिटांनी सुरू होत होता, वहीत वेळा लिहिल्या. मोरी शांत, मागचा कोपरा कोरडा. फक्त खिडकीबाहेरच्या चौकोनी खड्ड्यात पानं साचून तळाची जाळी बुजली होती आणि चौकटीखाली तळहाताएवढी ओल दिसली. सकाळी पानं काढली, पाणी खळकन खाली गेलं. त्या खड्ड्यावर पारदर्शक झाकण बसवायचं अजून राहिलं आहे. माप घेऊन ठेवलंय.